पाच पाऊण पावणेचार

मुलांना घरीच शिकवायचं ठरलं की पहिल्या आठवड्यात भिंतीवर एक वेळापत्रक लागतं. रंगीत पेनांनी आखलेलं. नऊ ते साडेनऊ मराठी, साडेनऊ ते दहा गणित, मग छोटी सुट्टी. कोकणच्या दमट हवेत त्याची चिकटपट्टी पंधरा दिवसांत सुटते आणि वेळापत्रक त्याच्याही आधी सुटलेलं असतं. साडेनऊला दारात मासेवाली हाक मारते, दहाला नारळ काढायला पाडेली येतो, आणि मागे समुद्र इतका आत गेलेला असतो की सहा वर्षांच्या पोराला भिंतीकडे तोंड करून बसवणं हा निव्वळ हट्ट ठरतो.

किनाऱ्यालगतच्या घरात टिकतं ते तिथीवर बेतलेलं वेळापत्रक. जुन्या माणसांचा हिशेब साधा आहे: तिथीच्या पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन. दुपारी तीनला भरती आणि पहाटेही साधारण तीनलाच. त्यात सहा मिळवले की ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ. अष्टमीला आठ पाऊण सहा, ओहोटी भर बाराला. चतुर्दशीला साडेदहाला भरती, ओहोटी संध्याकाळी साडेचारला. पौर्णिमा झाली की मोजणी पुन्हा एकपासून. मुलं इथे हमखास सोळा, सतरा असं पुढे मोजत जातात आणि समुद्र पाऊण तास आधीच दारात आणतात.

हा हिशेब चालतो कारण चंद्र रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा येतो आणि भरती त्याच्या मागोमाग सरकते. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं, म्हणजे रोज थोडीशी खोट. शिवाय सरकणं दररोज सारखं नसतं. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, भरती कमी मिनिटांनी पुढे जाते. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आगेमागे, तासाहूनही जास्त. त्यात क्षय तिथी, म्हणजे गळालेली, आणि वृद्धी तिथी, म्हणजे दोनदा आलेली. म्हणून पाऊणकीने, म्हणजे पाऊणच्या पाढ्याने, काढलेली वेळ छापील कोष्टकाशी ताडून बघायची आणि फरक वहीत लिहायचा. कोष्टक आपल्या जवळच्या बंदराचं हवं. मालवणला भरती मुंबईच्या आधी येते. मुंबईचं कोष्टक बघून वेंगुर्ल्याच्या मुलांना खडकांवर नेलं तर पाणी वाढायला लागल्यावर पोचल्यासारखं होतं. अर्धापाऊण तासाची चूक शिकण्यासाठी फार चांगली असते. उत्तर बरोबर, पण समुद्र तसा वागत नाही, हे मुलाला पुस्तकातल्या गणितात कधी भेटत नाही.

यातून पंधरवड्याला आपोआप दोन भाग पडतात. द्वितीयेपासून षष्ठीपर्यंत ओहोटी सकाळी, म्हणून बैठा अभ्यास पहाटे उरकायचा किंवा किनाऱ्यावरून परतल्यावर करायचा. द्वादशीपासून पुढे ओहोटी दुपारी तीननंतर, तेव्हा सकाळ सगळी घराची. मधले अष्टमी-नवमीचे दिवस किनाऱ्याच्या कामाचे नाहीत. ओहोटी डोक्यावर उन्हाच्या वेळी आणि पाणीही फारसं मागे हटत नाही. ते दिवस बाजार, आजोळ, दवाखाना, केस कापणं यांना द्यावेत.

समजा, पौषातली पंचमी आहे. घरात सहा आणि आठ वर्षांची दोन मुलं. पाच पाऊण पावणेचार, म्हणजे ओहोटी पावणेदहाला.

सव्वासातला बैठक. या वयाच्या मुलाचं एका विषयावर खरं लक्ष पंधरा-वीस मिनिटं टिकतं, त्यापुढे फक्त बूड टिकतं. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन धरलेलं आहे, म्हणजे दिवसाला चार तास. पण ते तीस मुलांमागे एक शिक्षक असं गणित धरून. हजेरी, वह्या वाटणं, भांडणं सोडवणं, शेवटच्या बाकावरच्याला पुन्हा सांगणं हे सगळं त्या चार तासांत येतं. घरात दोन मुलांसाठी बैठं काम दीड तासाच्या वर नेलं की आई-बाबांचा आवाज चढायला लागतो. नवशिकी घरं चुकतात ती इथेच, आणि चूक आळसाची नसते, धास्तीची असते. आपण कमी तर करत नाही ना, या भीतीने दीड तासाचे चार होतात आणि फेब्रुवारीपर्यंत मूल वही दिसली की पोटात दुखतंय म्हणतं.

पहिली वीस मिनिटं संख्यांची. साहित्य म्हणजे माडाच्या झावळीचे हीर. खराट्यासाठी सोललेले असतातच, त्यातले शंभरेक घेऊन बोटभर लांबीचे तुकडे करायचे आणि दहा-दहाच्या जुड्या रबर लावून बांधायच्या. जुडी मुलानेच बांधायची. आपण बांधून दिलेली जुडी त्याच्या लेखी एक वस्तू असते. स्वतः दहा मोजून बांधलेली जुडी दहा असते. ओल्या झावळीचे हीर सुकल्यावर बारीक होतात आणि जुडी ढिली पडून गळते, म्हणून आधी चार दिवस उन्हात वाळवावेत. बोर्डीला १९४५ साली आणि नंतर १९५७ पासून कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाड्या चालवल्या त्या अशाच शिंपल्या, बिया, काड्या, खडे यांच्यावर. विकत आणलेली लाकडी मण्यांची चौकट देखणी दिसते, पण तिचा मणी हरवला की संच मोडतो. हीर हरवला तर माड दारातच आहे.

जुड्यांची गरज मराठीला जास्तच आहे. आपण बोलतो सत्तावीस, म्हणजे आधी सात, मग वीस; आणि लिहितो २७, आधी दोन, मग सात. कानाने ऐकून लिहिणारं मूल ७२ लिहितं तेव्हा ते चुकत नाही, इमानदारीने ऐकल्याप्रमाणे लिहितं. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' असं वाचन आलं आणि महाराष्ट्रभर रान उठलं. थट्टा बरीच झाली, पण पुस्तकवाल्यांना सतावणारी अडचण खरी होती. घरी दोन्ही चालतं. दोन जुड्या आणि सात सुटे समोर ठेवून 'वीस आणि सात, म्हणजे सत्तावीस' असं आठ-पंधरा दिवस म्हटलं की 'वीस आणि सात' आपोआप गळून पडतं. त्याहून अवघड जात एकोणांची. एकोणतीसमध्ये तीस ऐकू येतात, पण हातात जुड्या दोनच असतात. तिथे तिसरी जुडी बांधायला एक हीर कमी पडतोय हे मुलाला दिसू द्यावं, 'एक ऊन तीस' हा शब्दाचा अर्थ तेव्हाच सांगावा. एकदा कळलं की एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणनव्वदपर्यंत गाडी पळते आणि नव्व्याण्णवला आपटते, कारण तिथे 'एकोणशंभर' म्हणत नाहीत. मुलं विचारतात का. भाषेची खोड, एवढंच उत्तर पुरे.

मोठ्याचं चालू असताना धाकट्याचं काय, हा रोजचा प्रश्न. चिंचोके आणि काजूबिया एकत्र करून निवडायला देणं, एका तांब्यातलं पाणी चार वाट्यांत सारखं ओतायला देणं, ही कामं वीस मिनिटं नक्की खातात. पाणी सांडणार हे धरून चालावं. खाली गोणपाट घालावं.

आठाच्या सुमारास घावणं. तांदळाचं पीठ एक वाटी, पाणी दोन वाट्या, चिमूटभर मीठ. मापं मुलांनी घ्यायची, तव्यावर ओतायचं काम मोठ्याचं. वाटी काठोकाठ भरून वरून हात फिरवायचा, दाबून भरायची नाही. दाबली की पीठ जास्त बसतं आणि घावण जाड होतं, जाळी पडत नाही. पहिलं घावण बरं येतं आणि चौथं फाटतं, याचं कारण मुलांना शोधायला लावावं. तांदळाचं पीठ पाण्यात विरघळत नाही, नुसतं तरंगतं. दोन मिनिटं हात लावला नाही की तळाशी बसतं. मग वरचं पाणचट पाणी तव्यावर जातं आणि शेवटी भांड्यात पिठाचा लगदा उरतो. दर घावणाला ढवळणं हे धाकट्याचं काम. बिडाचा तवा चांगला तापलेला हवा. पाण्याचा थेंब टाकला तर नाचत उडून गेला पाहिजे. नुसताच बुडबुडत बसला तर घावण चिकटणार. पातळ पीठ कडेकडून गोल फिरवत मध्ये आणायचं, झाकण ठेवायचं, कडा सुटल्या की काढायचं.

आता पाऊणकी. पाच घावणं एका ओळीत मांडा, प्रत्येकाचे आडवा-उभा काप देऊन चार चतकोर करा. प्रत्येकातला एक चतकोर काढून आजीच्या ताटात वाढा. ओळीत राहिली पाच पाऊण घावणं. आता शेवटचं मोडा. त्याचे तीन चतकोर पहिल्या तीन घावणांच्या रिकाम्या जागी बसवा. तीन पूर्ण झाली, चौथं तसंच पाऊण राहिलं. पावणेचार. हेच पावणेचार भरतीचे, हे सांगायची वेळ येत नाही, मोठं मूल भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतं. चतकोर सारखे पडले नाहीत तर जागा भरत नाही आणि मुलं 'हे पाऊण नाहीच' म्हणून वाद घालतात. वाद घालू द्यावा, बरोबर आहे त्यांचं. फक्त सगळी घावणं भाजून झाल्यावरच हा खेळ मांडावा. नाहीतर तिसरं घावण मोडेपर्यंत पहिलं पोटात गेलेलं असतं.

पावणेचार या शब्दात एक खड्डा आहे. मुलाला त्यात पाऊण आणि चार ऐकू येतात, आणि ते पाऊण अधिक चार असं धरतं. सव्वाचारात पाव मिळवायचा, साडेचारात अर्धा मिळवायचा, मग पावणेचारातच वजा का? त्यासाठी ओळीतलं चौथं घावण पुन्हा दाखवायचं: चार व्हायला एक चतकोर कमी. आणि साडेएक, साडेदोन नसतात, दीड आणि अडीच असतात, हे पाठच करावं लागतं. पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, औटकी मुलांकडून घोकून घेत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, तिची आज कुणाला गरज नाही. सगळ्या परत आणाव्यात असं मुळीच नाही. पण किनाऱ्यावरच्या मुलाला पाऊणकी पंधरापर्यंत यावी. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन. पावणेचार, साडेचार, सव्वापाच, सहा. दर चौथ्या पायरीला पूर्णांक येतो, हे कुणी न सांगता मुलांच्या ध्यानात येतं आणि मग ती आठ-दहा दिवस दुसरं काही बोलत नाहीत.

पावणेनऊला निघायचं. ओहोटीच्या तासभर आधी पोचावं आणि पाणी फिरल्यावर अर्ध्या-पाऊण तासात परतावं. सोबत पाण्याची बाटली, टोपी, मागे पट्टा असलेली चप्पल. पट्टा महत्त्वाचा, खडकांना चिकटलेल्या कालवांच्या कडा पात्यासारख्या असतात आणि साधी चप्पल शेवाळावर निसटली की तळपाय फाटतो. खडकाच्या खळगीत हात घालायच्या आधी काठीने चाचपायचं. उचललेला दगड होता तसाच पालथा ठेवायचा, कारण खालच्या बाजूला राहणाऱ्यांना ऊन सोसत नाही. शंकूच्या आकाराचा शंख जिवंत असेल तर त्याला हात लावायचा नाही, त्यातल्या काही जातींना विषारी डंख असतो. रिकामे शंखही पिशवीभर आणू नयेत. शंखात राहणाऱ्या खेकड्याला ते घर म्हणून लागतात. एक माणूस फक्त समुद्राकडे बघत उभा राहील, हा नियम. मोबाइलमध्ये फोटो काढणारा तो माणूस नव्हे.

करायचं काय? दोन मीटर काथ्याची दोरी, अर्ध्या-अर्ध्या मीटरवर गाठ, टोकं बांधलेली. चार गाठी चार कोपऱ्यांत ताणल्या की अर्धा मीटर बाजूचा चौकोन. तो खडकावर पसरून आत किती शंख, किती कालवं, किती खेकडे हे मोजायचं. एकदा वर, भरतीचं पाणी जेमतेम पोचतं तिथे, एकदा मध्ये, एकदा पाण्याच्या काठाला. तीन आकडे वहीत. मुलं लबाडी करतात, जिथे जास्त दिसतील तिथेच दोरी टाकतात. म्हणून पाठ फिरवून खांद्यावरून खडा टाकायचा आणि पडेल तिथे चौकोन. पहिल्यांदा खडा रिकाम्या खडकावर पडला की रडारड होते: 'हितं कायच नाय!' शून्य लिही म्हणावं. वहीत शून्य लिहायला शिकणं फार वेळ घेतं, मोठ्यांनाही.

खडक नसेल, नुसती पुळण असेल तर वाळूच्या गोळ्या बघाव्यात. ओहोटी लागली की नखाएवढे खेकडे बिळातून येतात, ओली वाळू तोंडाशी नेतात, तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं घेतात आणि उरलेल्या वाळूची मोहरीएवढी गोळी करून मागे टाकतात. बिळापासून निघालेल्या या गोळ्यांच्या ओळी सूर्याच्या किरणांसारख्या दिसतात. एका बिळापाशी दहा मिनिटं हलल्याशिवाय बसायचं आणि किती गोळ्या झाल्या ते मोजायचं. पाऊल वाजलं की खेकडा आत. सहा वर्षांच्या मुलाला दहा मिनिटं न हलता बसवण्याचा दुसरा मार्ग नाही.

परतल्यावर अंघोळ, आणि वाळू नाकाकानातून निघेपर्यंत साडेअकरा. मग अर्धा तास वाचन-लेखन. चित्र काढायचं आणि त्याखाली नाव. गोडी इथे आहे, कारण कोकणच्या बाजारात र ची सगळी रूपं भेटतात. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, लिहिताना र डोक्यावर बसतो, रफार होऊन. ट्रॉलर लिहिताना पायाखाली जातो, छत्रीसारखा. चक्रीवादळात तिरकी रेघ होऊन क ला चिकटतो. आणि तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, लिहिताना तो पापणीसारखा आडवा होतो. चारही एका दिवशी शिकवू नयेत. रफार आधी, आणि तो महिनाभर एकटाच. त्याची गंमत आणि अडचण एकच: बोलताना र आधी येतो, पण बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. म्हणून मुलं 'र्कुल्या' लिहितात. एसटीच्या पाटीवरचं 'वेंगुर्ला' याला उत्तम सराव, रोज समोरून जाते. पापणीचा र सगळ्यांत शेवटी, आणि तो शिकवायला किनाऱ्यावर आयती जोडी आहे: दर्या आणि दऱ्या. पहिल्यात समुद्र, दुसऱ्यात घाटातल्या खोल जागा. मोठ्याने म्हणून बघा. दर्या म्हणताना 'द'वर जोर येतो, दऱ्या म्हणताना येत नाही. हा फरक कानाला पक्का झाला की पुढे तिसऱ्या, वाऱ्यावर, किनाऱ्यावर हे हात आपोआप बरोबर लिहितो. नियम म्हणून सांगितला तर आठ वर्षांच्या मुलाला काहीही कळत नाही.

सहा वर्षांचं मूल अजून सुट्या अक्षरांवर असेल. त्याला क ख ग च्या क्रमाने नेण्यापेक्षा ग, म, भ, न असं आकाराच्या भाऊबंदकीने न्यावं. ग च्या काठीला जरा वेगळं वळण दिलं की म. चार अक्षरं आणि काना आला की शब्द सुरू: नाग, मान, गाभा. वेलांटी मात्र छळते. पहिली वेलांटी लिहायची आधी आणि म्हणायची नंतर. 'चिंच' या शब्दावर आठवडा घालवला तरी चालेल: वेलांटी, अनुस्वार, आणि दोन च, उच्चाराला वेगवेगळे. मूल विचारेल, दोघांचं अक्षर एकच का? विचारलं नाही तर आपण विचारावं.

घरची बोली आणि पुस्तकाची भाषा यांचं भांडण लावू नये. मूल 'माका व्हया' म्हणतं आणि पुस्तकात 'मला हवे' असतं. वहीच्या पानाला मधोमध रेघ मारून डाव्या बाजूला घरातलं, उजव्या बाजूला पुस्तकातलं असं लिहीत गेलं की मुलाला दोन भाषा येतात. दर वेळी टोकत गेलं की एकही येत नाही, आणि आजीशी बोलायची लाज तेवढी वाटू लागते.

दुपार मासे-भात आणि झोपेची. उठल्यावर मोठ्याने वाचून दाखवणं, वीस मिनिटं. बाकी काही नाही. शिकवणाऱ्यालाही स्वतःचं काम असतं, आणि नसलं तरी हवं.

पाचनंतर वाडीतली मुलं शाळेतून येतात आणि घरच्या शाळेचा दिवस तिथे संपतो, भरती-ओहोटी काहीही असो. 'पोरांक शाळेत घालूक नाय?' हा शेजारचा प्रश्न याच वेळी येतो. त्यावर भाषण देऊ नये. प्रश्न रास्त आहे. वीसच्या आत पट असलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळा कोकणात भरपूर आहेत, आणि वाडीतलं एक मूल घरी राहिलं की तो पट एकाने खाली जातो. आपल्या मुलाचा दिवस मोकळा होतो तेव्हा दुसऱ्यांच्या मुलांच्या शाळेवरचं बंद पडण्याचं सावट थोडं गडद होतं, हे मनात असलेलं बरं. निदान त्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला, झेंडावंदनाला मुलांना न्यावं.

कागदोपत्री बाजू थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांना शाळेचा हक्क देतो. घरी शिकण्याबद्दल तो स्पष्ट काही म्हणत नाही. मूल पुढे शाळेत जायचं म्हणालं तर त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी वयाच्या चौदाव्या वर्षापासून देता येते. आपल्याकडे शाळा सोडल्याचा दाखला जन्मतारखेपासून जातीपर्यंत सगळ्याला लागतो आणि घरच्या मुलाकडे तोच नसतो, म्हणून जन्म दाखला, आधार, आई-बाबांचे दाखले यांची फाइल पहिल्या दिवसापासून नीट ठेवावी. आणि एक वही, रोज तीन ओळी: तारीख-तिथी, काय केलं, कुठे अडलं. तिसरी ओळ सगळ्यांत कामाची.

पावसाळ्यात हे सगळं कोलमडतं, ते धरून चालावं. जून लागला की १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, किनाऱ्यावर मुलांना न्यायचंच नाही. घरात कागद मऊ पडतो, पेन्सिल टोचते पण उमटत नाही, अक्षरांच्या पुठ्ठ्यांना बुरशी येते. साहित्य पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, तळाला भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी. आणि लिहायला दगडी पाटी. वीज आणि रेंज दोन्ही जातात, तेव्हा बालभारतीची ई-पुस्तकं मे महिन्यातच उतरवून ठेवावीत.

त्या दिवसांचा धडा म्हणजे पर्जन्यमापक. दोन लिटरची सरळ अंगाची प्लास्टिक बाटली, खांद्यापाशी कापून वरचा भाग उलटा आत बसवायचा. कंबरेशी खाच असलेली बाटली चालत नाही, पाण्याची उंची खोटी दाखवते. बाटलीचं बूड खडबडीत असतं, म्हणून तळाशी खडे आणि पाणी घालून सरळ भाग सुरू होतो तिथे शून्याची खूण करायची आणि वर मिलिमीटरची पट्टी चिकटवायची. ठेवायची मोकळ्यावर, झाडापासून आणि छपरापासून लांब. पहिल्या वर्षी सगळेच ती पडवीच्या कडेला ठेवतात आणि पागोळ्यांचं पाणी मोजून मुलं सांगतात की काल चारशे मिलिमीटर पडला. रोज सकाळी एकाच वेळी आकडा लिहायचा, बाटली शून्याच्या खुणेपर्यंत रिकामी करायची. एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. आठ वर्षांच्या मुलाला खळ्याची लांबी-रुंदी मोजायला लावली की खळ्यात काल किती घागरी ओतल्या गेल्या ते निघतं. ते उत्तर ऐकून तो एकदा आभाळाकडे आणि एकदा घागरीकडे बघतो.

पण आज पंचमी, आणि पौष. संध्याकाळी दिवे लागले की पाटी निघते आणि उद्याचं वेळापत्रक मुलं स्वतः मांडतात. षष्ठी. सहा पाऊण साडेचार. ओहोटी साडेदहा. म्हणजे उद्या सकाळी पाऊण तास जास्त बसावं लागणार, हे मोठ्याच्या लक्षात येतं आणि त्याचं तोंड पडतं. धाकटा भरतीची वेळ लिहितो. त्याचा ३ अजून अधूनमधून आरशात पडतो आणि ६ होतो, त्यामुळे पाटीवर दिसतं: भरती ४.६०. पुसायचं नाही. पाटी घड्याळाखाली उभी करून ठेवायची, आणि सकाळी मोठा काटा साठावर कधी थांबतो ते बघायला त्यालाच स्टुलावर चढवायचं.